भारोभार गूळ

माझं पोट तराजूवर आणि राग नाकावर. ‘शामनानाचा काटा सरळ, डोकं तिरकं,’ असं गाव म्हणायचं. म्हणोत. सोनईजवळच्या आमच्या खेड्यात तीस वर्षं किराणा विकला, पण पारड्याखाली कधी चिंच चिकटवली नाही. तोंडाचा तोल मात्र दिवसातून दोनदा जायचा आणि बायको तो सावरून घ्यायची.

गावात कुणाला नवसाची तुला करायची असली की माझीच मोठी तागडी देवळात जायची. चौऱ्याहत्तर साली मार्गशीर्षात रंगुबाईचं बोलावणं आलं. तिचा नातू गोरक्ष वर्षाचा असताना तापाने फणफणला होता, डोळे पांढरे केले होते. तेव्हा ती भैरवनाथापुढे बोलली होती, पोर वाचलं तर त्याच्या भारोभार गूळ वाटीन, आणि तोही माझ्याच रानातला. पोर वाचलं. पण पुढे दुष्काळ पडला. ऊस कुठला नि गूळ कुठला! नवस तसाच राहिला. पोराला साधी शिंक आली तरी रंगुबाई देवळाकडे धावायची. देव आठवण करून देतोय, असंच तिला वाटायचं.

त्या वर्षी एकदाचं तिचं गुऱ्हाळ लागलं. मी म्हणालो, “पोराला आधी एकदा काट्यावर बसवा. गूळ किती ठेवायचा ते तरी कळेल.”

“नाना, इपरीत बोलू नगा. नवसाआधी पोर तोललं तर दिष्ट लागती. अन् तोलायचं कशाला? जल्मापासनं माज्याच कडंवर हाय. मला ठावं न्हाई व्हय त्याचं वजन?”

खरंच, चार वर्षांचा तो घोडा अजून आजीच्या कडेवरून उतरत नव्हता. रंगुबाईने अंदाजाने गूळ बाजूला काढला आणि बाकीचा नगरच्या बाजारात गेला.

रविवारी सकाळी देवळाच्या तुळईला तागडी टांगली. एका पारड्यात गूळ ठेवला, दुसऱ्यात गोरक्षला बसवलं. त्याचं पारडं दणकन खाली टेकलं आणि गूळ वर लटकला. लोक हसले. पण रंगुबाईचा चेहरा उतरला.

तिचा मुलगा छगन म्हणाला, “सदरा काढा त्याचा. करगोटाबी काढा.”

“माज्या पोरातलं काई कमी करायचं न्हाई!” रंगुबाई कडाडली.

करगोट्याने काय होणार होतं म्हणा. पारड्यांत चांगलं वीतभर अंतर होतं. मी दुकानातून गूळ आणतो म्हणालो, पैसेही नकोत म्हणालो.

“इकतचा चालायचा न्हाई, नाना. बोलले तसंच पायजे.”

पुढच्या साली फेडा, असं कुणीतरी सुचवलं. ती पायरीवर मटकन बसली. “आजून एक साल? रोज त्याच्या कपाळाला हात लावून बघते मी. आता न्हाई निभायचं माज्याच्यानं.”

खरं सांगतो, तीस वर्षांत पहिल्यांदा माझं बोट आपोआप दांडीकडे गेलं होतं.

तेवढ्यात शेजारची बनुबाई पुढे झाली. “रंगुबाई, गुऱ्हाळ चालू व्हतं तवा वाटंनं जानाऱ्या परत्येकाच्या हातावर ढेकूळ ठिवलं तुमी. त्यो गूळ कुनाच्या रानातला?”

उत्तराला न थांबता ती घराकडे पळाली. तिच्यामागे बाकीच्या बायका. कुणी फडक्यात बांधून आणला, कुणी मुंग्या झटकत आणला, एकीने डब्याचा तळ खरवडून आणला. आमची बायकोही पदराआडून भलंमोठं ढेकूळ घेऊन आली. दुकानात गुळाची पोती आणि ही रंगुबाईचा लपवून खात होती! मला त्यातला खडाही मिळाला नव्हता. पण देवळात तोल सोडणं बरं नव्हे, म्हणून गिळलं.

गुळाचं पारडं हळूहळू उतरू लागलं. शेवटचा खडा पडला आणि काटा सरळ उभा राहिला.

“नीट बघा, नाना.”

“बघितलं. सुताचाही फरक नाही.”

‘भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!’ असा गजर झाला. रंगुबाई नेहमीसारखी गोरक्षला कडेवर घ्यायला वाकली. त्याला अर्धवट उचललं आणि परत खाली ठेवलं. इतकी वर्षं ती तापातलं, हाडाचा सापळा झालेलं लेकरूच उचलत होती, हे माझ्यासारख्या तोलणाऱ्यालाही तेव्हा कुठे उमगलं आणि माझे डोळे भरून आले.

“अगं बाई!” ती बनुबाईला म्हणाली. “लई जड झालाय की गं माजा! मला न्हाई उचलवत.”

आणि हसत हसत तिथेच रडायला बसली.