टाचणीला दिलेलं उत्तर

समोरच्याला जे ऐकायचं असेल तेच बोलायचं, हा तुळसाबाईचा जन्माचा नेम. सिव्हिल लाइनच्या बंगल्यांत भांडी घासण्यात तिची उमर गेली. अंगात ताप फणफणत असला तरी 'उद्या येशील ना?' या प्रश्नाला तिचं उत्तर एकच, "येतो जी."

अशा बाईच्या डाव्या गालात ते दुखणं शिरलं. घास चावला की कळ, पदर लागला की कळ, नुसता वारा लागला तरी करंट बसल्यासारखी कळ. त्या बाजूचे दात एकेक करून उपटून झाले, तरी कळ काही जाईना. चार वर्षांच्या नातीला, मैनाला, आजीच्या गालाला शिवायचीही बंदी होती. म्हातारीला सगळ्यात जास्त सलायचं ते हेच.

त्र्याहत्तर साली मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "दुखणं दातात नाहीच. चेहऱ्याची वेदना मेंदूच्या देठातल्या पेशींपर्यंत जाते, ती वाट मानेतून तोडावी लागेल. हे एकदाच करता येतं. तुम्हाला जागं ठेवून गालाला टाचणी टोचू. लागली तर लागली म्हणायचं. तुमच्या उत्तरावर माझी सुरी चालणार."

"हो जी," तुळसाबाई म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी तिला बसवून मान बधिर केली. डॉक्टर मागे, सिस्टर समोर टाचणी घेऊन.

"लागते?"

"लागते जी."

सुरी चालली. पुन्हा टाचणी.

"लागते जी," ती हळूच म्हणाली. तिला कशी लाजच वाटली, उगाच कटकट करत असल्यासारखी. सकाळपासून बिचारे उभे होते.

"आता तर नाही ना लागत, बाई?" डॉक्टरांचा आवाज थकलेला होता, आशेने भरलेला होता.

टाचणी टोचली. लागली.

"नाही लागत जी."

"शाब्बास!" म्हणत डॉक्टरांनी सुरी ठेवली आणि टाके घातले.

काही दिवस कळ आली नाही. खोटं पचलं, असं तिला वाटलं. मग एका सकाळी तोंड धुताना तीच कळ उठली. नेमके त्याच दिवशी डॉक्टर विद्यार्थी घेऊन वॉर्डात आले. "आता बरं आहे ना, बाई?" अगं बये, तेव्हा तरी बोलायचंस! पण सगळे कौतुकाने बघत होते.

"बरं हाये जी."

दवाखान्यातून ती घरी आली, तेव्हा वाडीतल्या खोलीवर तिच्या लेकाने, देवरावने, जिलेबी आणली होती. सून सुभद्रा मैनाला म्हणाली, "जाय वं, आता घे आजीचा मुका. काही होत नाही."

पोरगी धावत आली, गळ्यात पडली आणि डाव्या गालावर तिने ओठ टेकवले. तुळसाबाईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मानेवर व्रण होता, गालात कळ होती, आणि आता मरेपर्यंत हे असंच राहणार हे तिला कळून चुकलं. डोळे भरून वाहू लागले.

"पाहा, खुशीनं रडून राहिली माय," देवराव म्हणाला.

मैना मात्र जवळून बघत होती. "आजी, दुखलं का वं?"

"नाही वं माय," तुळसाबाई म्हणाली. "अजून एक दे."

मैनाने दिला.