टाकीवरचा कटोरा

"चाचा, हा कटोरा टाकीवर कोणी ठेवला?" तपासणीला कॉलेजातून आलेल्या दामिनीनं विचारलं.

"हलीमानं. चिमण्यांसाठी," अब्दुल गफ्फार म्हणाला. "ती गेली, आता मी भरून राहिलो."

"चिमण्यांनी झाकणावरची काळी चिकटपट्टी टोचलीय. आत उजेड शिरतोय. टाकी दिवसभर खोटे आकडे देतेय."

कापूस परवडेना म्हणून गावातल्या जानरावांनी पडीत टाकलेल्या शेतात अकोल्याच्या कॉलेजनं तीन टाक्या बसवल्या होत्या. अंतराळातून फार जोरानं आलेला कण वर हवेवर फुटतो आणि त्याचा चुरा खाली येतो. टाकीतल्या अंधाऱ्या पाण्यात तो क्षणभर चमकतो आणि मशीनमध्ये त्याची नोंद होते. कुठली टाकी आधी चमकली, त्यावरून कणाची दिशा कळते. चुऱ्यावरून तो हलका होता की लोखंडासारखा जड, याचा अंदाज येतो. गफ्फार तिथला फिटर आणि राखणदार. अंधार राखायची नोकरी तुमालेच कशी भेटली, असं म्हणून त्याची बायको हलीमाबी त्याला हसायची.

"कटोरा काढावा लागेल, चाचा. एक टाकी गेली तर दिशाच कळत नाही. मग आमचे सर तिन्ही टाक्या उचलून अमरावतीला नेतील."

गफ्फारनं कटोरा उचलला. पाणी सांडू न देता तो लिंबाखाली नेऊन ठेवला.

"मॅडम, एक सांगा. कुठून आलं ते तुमाले समजते. कुठी गेलं, ते काहून समजत नाही?"

"आमच्या मशीनला तेवढं येत नाही," दामिनी म्हणाली.

"मंग काय कामाची तुमची मशीन!" तो म्हणाला. दोघंही हसले.

छिद्र शोधायचं तर मशीन बंद करून टाकीच्या बाजूला वर असलेल्या तोंडात डोकं घालायचं आणि अंगावरून काळं कापड पांघरायचं. कॉलेजचं कापड अकोल्यातच राहिलं होतं. गफ्फार खोलीतून हलीमाबीचा बुरखा घेऊन आला. तो त्यानं अजून धुतला नव्हता.

तो पांघरून त्यानं डोकं आत घातलं. गच्च अंधार होता. डोळे सरावले तसा झाकणाच्या कडेला सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला.

"दिसलं का?" दामिनी बाहेर पट्टी फाडून तयार उभी होती.

उजेड विझला. परत लागला. परत विझला. वर नखांचा बारीक आवाज येत होता.

"चाचा, कुठं लावू?"

"थांबा मॅडम," बुरख्याच्या आतून तो म्हणाला. "बसली हाय. उडू द्या तिले."