अल्फॉन्स व्हाइटकाफचे आठ डाव

आमचं ब्रॅनॉक शंभर वर्षांचं झालं तेव्हा गावाचा इतिहास छापायचं ठरलं आणि त्यातलं बेसबॉलचं प्रकरण माझ्या बायकोच्या गळ्यात पडलं. नेटीने जन्मभर शाळेची बस चालवली. सस्कॅचेवान प्रांताच्या आमच्या कोपऱ्यातलं प्रत्येक घर, प्रत्येक कुत्रं तिला ओळखतं. समितीचा अध्यक्ष ऑर्व्हिल हॉगन म्हणाला, "तुला काय गं, दोन पानं लिहायची. अडतीस साली माझ्या वडिलांनी सेंट-ओडिलला लोळवलं, ते नीट लिही. बाकी जागेत फोटो लावू."

ती गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. दुष्काळाची वर्षं, धुळीने भरदुपारी दिवे लावायला लागायचे, आणि ऑर्व्हिलच्या वडिलांनी, टॉर्गर हॉगनने, पिचर म्हणून एकट्याने नऊच्या नऊ डाव चेंडू टाकून शेजारच्या सेंट-ओडिल गावाला हरवलं आणि चषक आणला. मैदानाला नावसुद्धा त्याचंच.

नेटीला मात्र गावाबाहेरचे संघही हवे होते. म्हणून ती नदीपलीकडच्या क्री आदिवासींच्या राखीव वस्तीत गेली. गाडी मी चालवत होतो. तिथे ब्लांश व्हाइटकाफ भेटली, नेटीच्याच वयाची, सत्तरीला आलेली. तिने चहा ओतला आणि नेटीचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या संघाचं विचारताय होय," ती म्हणाली. "पण माझे वडील तर तुमच्याकडूनच खेळले. त्या चषकाच्या सामन्यात."

"कोण? नाव काय त्यांचं?"

"अल्फॉन्स. डावखुरे. तेव्हा वस्तीबाहेर पडायला सरकारी एजंटची चिठ्ठी लागायची. तुमची माणसं म्हणाली, चिठ्ठीचं आम्ही बघतो. कुणी काही बघितलं नाही. एजंट आला आणि भर खेळातून त्यांना घेऊन गेला. आई सांगायची, त्यानंतर त्यांनी चेंडूला हात लावला नाही."

आम्ही परत निघालो. मी म्हटलं, "घरातल्या गोष्टी असतात गं. सांगता सांगता वाढतात."

"मग हॉगनच्या घरातली नाही का वाढली?" ती म्हणाली. "गाडी सेंट-ओडिलला घे."

"आत्ता?"

"जे हरले त्यांना विचारू या. त्यांना खोटं बोलून काय मिळणार?"

त्या संघातला एकच माणूस हयात होता, एमिल डुफ्रेन. नव्वदीला टेकलेला, पण जिभेला धार.

"टॉर्गर?" तो खो खो हसला. "टॉर्गर पहिल्या बेसवर उभा राहून माश्या मारायचा. आठ डाव आम्हाला नाचवलं ते त्या डावखुऱ्याने. मला तीनदा बाद केलं, पोरी. तिसऱ्यांदा तर हसला लेकाचा! मग एजंटची काळी गाडी थेट मैदानात घुसली. हातमोजासुद्धा काढू दिला नाही त्याला. तुमच्यातल्या एकानेही तोंड उघडलं नाही."

"आणि तुम्ही लोकांनी?"

एमिलने मान खाली घातली. "आम्ही टाळ्या वाजवल्या. वाटलं, आता जिंकू. पण इतके मागे पडलो होतो, की शेवटचा डाव टॉर्गरच काय, तुझ्या या नवऱ्यानेही काढला असता."

नेटीने सगळं जसंच्या तसं लिहिलं. ते वाचून ऑर्व्हिल आमच्या स्वयंपाकघरात आला. समोर ठेवलेल्या बशीला त्याने हात लावला नाही.

"मेलेल्या माणसाची अब्रू काढतेस?"

"मेलेली माणसं दोन आहेत, ऑर्व्हिल. तुला एकच दिसतंय."

"पुरावा काय? एक खुळावलेला फ्रेंच म्हातारा आणि वस्तीवरची एक बाई!"

"आणि तुझ्याकडे कोण आहे? तुझे बाबा."

तो ताडकन उठला. "मग पुस्तकात बेसबॉलच नको. विषय संपला."

तो गेल्यावर मी म्हटलं, "जाऊ दे ना, नेटी. हिवाळ्यात आपल्या दारातला बर्फ त्याच्याच ट्रॅक्टरने निघतो."

"मग फावडं शोधून ठेव," ती म्हणाली.

उत्सवाच्या दिवशी जुन्या खेळाडूंचा सामना होता, सेंट-ओडिलशीच. खेळाडूंची नावं पुकारायचं काम आधीपासून नेटीकडे होतं, कारण असा आवाज गावात दुसऱ्या कुणाला नाही. तिने माइक हातात घेतला. "आधी अडतीस सालचा आपला संघ. पिचर, अल्फॉन्स व्हाइटकाफ. आठ डाव. त्यांना मैदानातून ओढून नेलं, म्हणून नववा टॉर्गर हॉगन."

ऑर्व्हिलने वायर उपटली. नेटी बाकावर चढली आणि नुसत्या गळ्याने पुन्हा तेच सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

"ए, खाली बस!" मागून कुणी तरी ओरडलं.

"बसमध्ये तुला मीच गप्प बसवायचे, विसरलास होय रे?"

लोक हसले. पलीकडून एमिलने चाकाच्या खुर्चीतून काठी उगारली. "खरं आहे! मला तीनदा!" काही घरं खुर्च्या मिटून चालती झाली. ऑर्व्हिल सोडून हॉगनांचं अख्खं खटलं गेलं. माझे दोन मित्रही गेले. मी नेटीच्या बाकाशेजारी जाऊन उभा राहिलो. 

तेवढ्यात ब्लांश कुंपणाच्या फाटकातून आत आली. कुणाकडे न बघता ती मैदानाच्या मधल्या, पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर चढली, पर्स पायाशी ठेवली आणि बॅट घेऊन तयार असलेल्या सेंट-ओडिलच्या फलंदाजाकडे तोंड करून उभी राहिली.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. ऑर्व्हिल नेटीला म्हणाला, "सांग तिला बाजूला व्हायला. खेळ सुरू करायचाय."

"पाय आहेत ना तुला? जा, तूच सांग."

तो गेला. उंचवट्याच्या पायथ्याशी थांबला. वाऱ्यावर त्याचं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. "किती वेळ थांबणार आहात?"

"माझ्या वडिलांना इथून उतरवलं होतं," ब्लांश म्हणाली. "मी माझ्या मनाने उतरेन."

पंचाने तोंडावरचा मुखवटा काढला आणि तो सावलीत जाऊन बसला. फलंदाजाने बॅट गवतावर टाकली. ब्लांश हलली नाही.

पुस्तक बेसबॉलशिवायच निघालं. नेटीचं प्रकरण आमचं आम्ही छापून घेतलं आणि वाणसामानाच्या दुकानात दाराशी ठेवलं. कुणी तरी तो गठ्ठा उचलून कचऱ्यात टाकतं. नेटी दुसरा नेऊन ठेवते.