मुंगीच्या तोंडचा दाणा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जुना म्हणजे किती? सहा वर्षांचा. तुमच्यात या वयाला पहिलीत घालतात, आमच्यात ड्रॉवरमध्ये घालतात. आकार साबणाच्या वडीएवढा, रंग काळा, स्वभाव गरीब. माझं भिंग माझ्या पोटातच राहतं. बटण दाबलं की कासवाच्या मानेसारखं बाहेर येतं आणि काम झालं की आत जातं. आता बाहेर येताना जरा कुरकुरतं. वयोमान.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथं सगळे पांढरे हातमोजे घालून काम करत. मला वाटलं, जगात सगळेच इतके स्वच्छ असतात. मग मी नागपूरला आलो.

सीताबर्डीवरच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात, मला सर्वांत खालच्या कप्प्यात जागा मिळाली. वरच्या कप्प्यात भिंग बदलता येणारा मिररलेस कॅमेरा होता. मित्रांनो, त्याला पाहून माझे डोळे दिपायचे. त्याच्या घराण्यातला तो सर्वांत लहान, नवशिक्यांसाठीचा; पण थाट पाहावा तर पालखीत बसायचा! भिंग वेगळं, भिंगाला टोपी वेगळी, टोपीला दोरी वेगळी. त्याच्या नुसत्या पिशवीत माझ्यासारखे चार मावले असते. किंमत आमची जवळपास सारखीच होती, हे मला कळलं तेव्हा मला अभिमान वाटला आणि त्याला बहुधा वाईट वाटलं.

दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही. लोक यायचे, खिशातला मोबाइल काढून दाखवायचे आणि म्हणायचे, "आता हे कोन घेते गा?" दुकानदार संजीवभाऊ माझ्यावरची धूळ पुसायचे, तेही दिवाळीला.

मग एका रविवारी उन्नती आली. ती मिहानमधल्या एका कंपनीत संगणकावर काम करायची. पहिला बोनस हातात आला होता आणि ती सरळ वरच्या कप्प्याकडेच पाहत होती. तिच्यासोबत तिचे आजोबा होते. त्यांचं नाव ईश्वरदास, पण ती त्यांना आबाजी म्हणायची. वय अडुसष्ट. नंदनवन नावाच्या वस्तीत राहायचे. जात्याच विणकर, उमरेडला मागावर अर्धं आयुष्य गेलं, मग माग बंद पडला आणि ते नागपुरात एका शाळेत शिपाई झाले. शाळेची घंटासुद्धा ते म्हणे मागाच्या ठेक्यात वाजवायचे.

संजीवभाऊंनी मिररलेस काढला. "पाहा मॅडम, याच्यात पाठीमागचं सगळं असं धूसर होऊन जाते. चेहरा तेवढा उठून दिसते."

उन्नतीचा चेहरा उजळला. आबाजींनी विचारलं, "पाठीमागचं धूसर कायले करता गा? त्यानं तुमचं काय बिघडवलं?"

मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून काउंटरवर पसरला. स्वतः विणलेला, धुऊन धुऊन मऊ झालेला. "मले याचा फोटो पाहिजे. धागा दिसला पाहिजे आनि धाग्याचा पीळबी दिसला पाहिजे."

आधी उन्नतीनं मोबाइलवर काढला. मोबाइलनं सवयीप्रमाणे सगळं गोरंगोमटं केलं. दुपट्ट्याचे धागे गालासारखे गुळगुळीत झाले. आबाजी म्हणाले, "हा तर लग्नाचा फोटो झाला."

मग मिररलेस. त्यानं मान राखून, हातभर अंतरावरून पाहिलं. जवळ गेलं की त्याला धूसर दिसायचं. फोटो सुंदर आला. धागे दिसले, पीळ दिसला नाही. संजीवभाऊ म्हणाले, "त्याच्यासाठी दुसरं भिंग येते. पन ते वेगळं घ्या लागते." आणि त्या भिंगाची किंमत त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितली, की आबाजींनी ती पुन्हा विचारलीच नाही.

शेवटी मला काढलं. माझी अंगकाठी अशी, की मी कापडाला नाक लावू शकतो. मला बोटभर अंतरावर नेलं, आणि मित्रांनो, मी पहिल्यांदाच जग जवळून पाहिलं. तो धागा नव्हता, तो दोरखंड होता! प्रत्येक धागा दुसऱ्याच्या खालून जात होता, वर येत होता, पुन्हा खाली वाकत होता. हजारो जण, आणि एकही रांग मोडत नव्हता. नागपुरात मी हे दृश्य त्याआधी पाहिलं नव्हतं.

आबाजींनी माझ्या पडद्यावर आगकाडीनं धागे मोजले. मग दुपट्ट्यावर मोजले. आकडा जुळला. ते उन्नतीकडे वळले. "तुले मोठा पाहिजे तर मोठा घे वं. तुहा बोनस हाये. मी काही बोलत नाही."

काही न बोलणाऱ्या आजोबांपुढे कुणाचं चालतं? उन्नतीनं वरच्या कप्प्याकडे एकदा पाहिलं, ओठ मुडपले आणि मला घेतलं. "उमरेडचं काम होऊन जाऊ द्या," ती म्हणाली, "मग पाहू."

उमरेडचं काम काय होतं, ते सांगतो.

उमरेडला आबाजींची थोरली बहीण राहायची, यमुताई. वय ब्याऐंशी. त्यांच्या पेटीत लग्नातलं एक लुगडं होतं. ते त्यांच्या आईनं, रुख्माबाईनं, स्वतःच्या मागावर विणलेलं. त्याचा काठ रुख्माबाईनं स्वतः रचला होता. लाल रेशमावर काळ्या मुंग्यांची रांग, आणि प्रत्येक मुंगीच्या तोंडात एक पांढरा दाणा. तो काठ तिनं जन्मात एकदाच विणला. व्यापाऱ्यांनी मागितला, तिनं दिला नाही. म्हणाली, लेकीचा काठ बाजारात नेत नसतात. तो कसा विणला, हे सांगायचं राहून गेलं आणि रुख्माबाई गेली.

यमुताईंनी घरात केव्हाच जाहीर केलं होतं, "हे लुगडं मी मेल्यावर माह्यासंग जाईन. आईनं माह्यासाठी विनलं, मी आईले नेऊन दाखवीन." त्यात बदल होणार नव्हता. आबाजींना मरायच्या आधी तो काठ एकदा आपल्या हातानं विणायचा होता. म्हणजे भावाला काठ हवा आणि बहिणीला लुगडं. फार मागे लागल्यावर यमुताई एवढ्यावर आल्या: "एकडाव उघडीन. घडी मोडली का रेशीम तुटते. पुन्हा मांगशील तर काठीच घेईन."

एकदाच!

त्याआधीचा आठवडाभर आबाजींनी माझ्यावर हात बसवला. चादरी, परकर, गव्हाची पोती, शेजाऱ्याचा टॉवेल, काही सोडलं नाही. मग आम्ही एसटीनं उमरेडला गेलो. मी आबाजींच्या बंडीच्या खिशात, छातीपाशी. मिररलेसला हे सुख मिळालं नसतं; तो पिशवीसकट वरच्या फळीवर बसला असता.

यमुताईंनी दारातच पाय धुवायला लावले, मग हात, मग मलाही ओल्या फडक्यानं पुसलं. उन्नती फोटो काढायला सरसावली, तर तिला म्हणाल्या, "तू चाल वं इकडं. एवढी मोठी पोरगी झाली, मसाला वाटता येते का? चाल, पाट्यावर बस." आणि उन्नती स्वयंपाकघरात गेली. आतून पाट्याचा आवाज येऊ लागला आणि मधूनमधून शिंका.

पडवीत कडुनिंबाच्या पाल्यातून ते लुगडं निघालं. आबाजींनी आधी हात जोडले. मग उन्हाची तिरीप डावीकडून येईल, अशी चटई वळवली आणि काठ तिच्यावर अंथरला. मला बोटभर उंचीवर धरलं.

मित्रांनो, मी तेव्हापासून वाघाचे फोटो पाहिलेत, विमानाचे पाहिलेत, चंद्राचेही पाहिलेत. पण त्या दुपारी मी जे पाहिलं, तसं काही पाहिलं नाही. केसाएवढे धागे. एक धागा इथं बुडी मारायचा तो सात धागे सोडून वर यायचा, आणि तेवढ्यात मुंगीचा एक पाय व्हायचा. सहा बुड्यांत सहा पाय. कुणी आकडे लिहून ठेवले नव्हते, कुणी चित्र काढून दिलं नव्हतं. सगळा हिशेब एका बाईच्या बोटांत होता, आणि ती बाई दुसऱ्या हातानं लेकरं सांभाळत होती. माझ्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म पिक्सेल आहेत, असं माझ्या खोक्यावर छापलंय. त्या काठापुढं मला ते खोकं लपवावंसं वाटलं.

आबाजी वीत-वीत पुढं सरकत होते. शेवटच्या वितेला माझी बॅटरी लाल झाली. "थांब गा राजा," ते पुटपुटले, "आनखी दोनच." मी सगळा जीव एकवटला. एक काढला. दुसरा काढला. आणि डोळे मिटले.

संध्याकाळी नंदनवनातल्या घरी उन्नतीनं फोटो संगणकावर उघडले. एक पाहिला, दुसरा पाहिला, मग भराभर सगळे. तिचा चेहरा पांढरा पडला.

"आबाजी, हे काय केलं तुम्ही? सगळे उलट्या बाजूनं काढले! सगळेच्या सगळे! आता यमुआजी पुन्हा उघडू देते का?"

खरंच, मित्रांनो. एकशे सेहेचाळीस फोटो, आणि एकातही धड मुंगी नाही. नुसते लोंबते, आडवेतिडवे धागे. मी सुलटं-उलटं काय जाणतो? मला जे दाखवलं ते मी पाहिलं. तरी त्या क्षणी मला वाटलं, की माझ्या जागी वरच्या कप्प्यातला राजा असता तर हे झालं नसतं. पोरीचा बोनस गेला, आजोबांचा काठ गेला.

आबाजी शांतपणे चहा बशीत ओतत होते.

"झालं तुहं बोलून?" ते म्हणाले. "पोरी, हा काठ उलटाच विनतात. मागावर बसलं का विनकराच्या डोळ्यासमोर हेच अंग राहते. मुंगी खाली राहते, जमिनीकडे तोंड करून. विनताना आईनंबी तिले पाहिलं नाही. सुलटी बाजू गिऱ्हाइकाची अस्ते, उलटी आपली. धागा कुठून निघून कुठं गेला, हे उलटीकडूनच समजते. सुलट्या मुंग्या घेऊन मी काय करू, त्याहिले साखर टाकू?"

उन्नतीनं एका लोंबत्या धाग्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा पाय का?" आबाजी म्हणाले, "हा पाय."

त्या संध्याकाळनंतर तिनं मोठ्या कॅमेऱ्याचं नाव सहा महिने काढलं नाही.

उमरेडला शालिकराम नावाच्या विणकराकडे एक माग अजून चालता होता. माझे फोटो कागदावर छापून मागासमोर ओळीनं चिकटवले. विणकर ज्यात पाय सोडून बसतो, त्या मागाच्या खड्ड्यात उतरायला आबाजींचे गुडघे तयार नव्हते. शालिकराम आणि त्याची सून गोपिका, दोघं मिळून त्यांना रोज आत सोडायचे आणि दुपारी उपसून काढायचे. धागा तुटायचा, आबाजी चिडायचे, पुन्हा जोडायचे. अख्खा हिवाळा गेला. हाती आला वीतभर काठ.

तो घेऊन आम्ही यमुताईंकडे गेलो. त्यांनी सुलट्या बाजूकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ उलटा केला आणि अंगठा फिरवला. एकेक मुंगी, एकेक मुंगी. अंगठा एका जागी थांबला.

"इथं चुकलास गा," त्या म्हणाल्या. "या मुंगीच्या तोंडात दाना नाही."

आबाजी खाली मान घालून म्हणाले, "माही चूक नाही, ताई. आईची हाये. फोटोत तशीच आली, मी तशीच विनली."

शेवटून दुसरा फोटो, मित्रांनो. बॅटरी लाल झाल्यावरचा.

यमुताईंनी काठ मांडीवर ठेवला. मग त्या हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होत्या. "पासष्ट वर्सं झाली, मीच इसरली व्हती. तू तीन वर्सांचा व्हता. आई हे विनून राहिली व्हती आनि तू पळत येऊन धाडकन मागाच्या खड्ड्यात पडला. आईच्या हातचा धागा सुटला. तिनं तुले वर काढला, दोन धपाटे देल्ले, मंग तुहे मुके घेतले, आनि पुन्हा विनाले बसली. हा दाना राहूनच गेला." त्यांनी तो काठ भावाच्या गालाला लावला. "हिचा दाना तूच खाल्ला रे मेल्या!"

अडुसष्ट वर्षांचे आबाजी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. फोटो कुणीच काढला नाही. मी खिशातच होतो. पण काही गोष्टींना भिंग काढू नये, एवढं मलाही कळतं.

पुढच्या वर्षी यमुताई गेल्या. लुगडं त्यांच्यासोबत गेलं. शब्द म्हणजे शब्द. आबाजींनी स्वतःच्या हातानं ते त्यांच्या अंगावर घातलं, मुंग्या वर करून. रुख्माबाईला आता त्या सुलट्या पाहायला मिळाव्यात म्हणून.

आज गोपिका तो काठ बाजारासाठी विणते; तशी मुभा जाण्याआधी लेकीनंच, यमुताईंनीच, दिली होती. प्रत्येक साडीत एक मुंगी, फक्त एकच, रिकाम्या तोंडाची. एखादं गिऱ्हाईक ती शोधून काढतं आणि खोट आहे म्हणून किंमत पाडायला बघतं. गोपिका म्हणते, "ताई, त्या मुंगीचेच तर पैसे जास्त हायेत."

आणि हो, उन्नतीनं मिररलेसही घेतला. त्या साड्यांचे फोटो तोच काढतो. पदर झळकतो, मागचं सगळं धूसर होतं आणि पाहणारा खुळावतो. मला त्याचा हेवा वाटत नाही. आमची वाटणी झाली आहे: सुलटी बाजू त्याची, उलटी माझी. ड्रॉवरमध्ये माझ्याशेजारी तो वीतभर काठ आहे. आबाजी आता बहात्तर वर्षांचे झाले. महिन्यातून एकदा ते मला बाहेर काढतात, फडक्यानं पुसतात, बॅटरी भरतात आणि काहीही न काढता पुन्हा ठेवतात.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. घरात एखादी जुनी वस्तू पडलेली असेल, तर तिची धूळ दिवाळीची वाट न पाहता पुसा. टाकून देण्याआधी तिला एकदा उलटून पाहा. आणि रांगेत एखादी मुंगी दाण्याशिवाय चाललेली दिसली, तर तिला नावं ठेवू नका. तिचा दाणा कुणातरी तीन वर्षांच्या पोरानं खाल्लेला असतो.