तळाशी उमटलेला हात

एकवीस ब्रश, त्यांतले सहा टकले. मातीकामाच्या लाकडी कोरण्या अकरा. चित्रकलेच्या वह्या चौदा. खडूंचा एक डबा, एक लाकडी फूटपट्टी आणि तळाला अंथरलेलं एक गोणपाट. मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे आणि एवढं सगळं आज माझ्या पोटात आहे. मित्रांनो, गोणपाटाखालीही काहीतरी आहे. पण ते शेवटी सांगते.

माझा जन्म रोह्याच्या बाजारातला. फारुख मिस्त्रींनी पत्रा ठोकून मला घडवलं, हिरवा रंग दिला आणि झाकणावर कमळ काढलं. "पोरीच्या लग्नासाठी आहे, कडी मजबूत घाला," गिऱ्हाईक म्हणालं. "पोरगी म्हातारी होईल, कडी नाही व्हायची," मिस्त्री म्हणाले. ते खरं ठरलं. नवी नवरी गिरजाबाई मला घेऊन पॅसेंजरने पेणला निघाली. कासूला गाडी इतका वेळ थांबली, की तिने माझ्यावर बसून एक डुलकी काढली. पेणहून आम्ही जोहे गावी, तिच्या सासरी आलो. कितीतरी वर्षं मी तिची लुगडी सांभाळली. मग घरात लोखंडी कपाट आलं आणि मी माळ्यावर गेले. तिथे उंदरांशिवाय कुणी माझी विचारपूस केली नाही.

मला खाली उतरवलं ते गिरजाबाईच्या लेकीने, सरूने. सरू गावातल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवते. तिच्या लक्षात आलं होतं, की गावातली मुलं सुट्टीत शेकडो मूर्तींना रंग लावतात, पण स्वतःच्या मनातलं एक झाडसुद्धा त्यांना काढता येत नाही. गणपती गेले की कारखान्याची शेड रविवारी रिकामी असे. ती तिने मालकाकडून मागून घेतली आणि मुलांसाठी फुकट कलावर्ग सुरू केला. त्या वर्गाचं सगळं सामान मी सांभाळू लागले.

वर्गाला एकच नियम होता. गणपती करायचा नाही. "तो रोजच करता. हितं तुमच्या घरातलं कायतरी करा," सरू म्हणायची. हितेशने कोंबडा केला, तर मनस्वी म्हणाली, "ह्यो कोंबडा हाय का सुरमय?" सगळी शेड हसली. हितेशने चिडून त्याला आणखी मोठा तुरा लावला. मग तो सुरमईसारखा जास्तच दिसू लागला.

पहिल्या वर्षी वर्ग तेवीस रविवार भरला. पुढे परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं काम दरवर्षी लवकर सुरू होऊ लागलं आणि शेड लवकर भरू लागली. मागच्या वर्षी अकरा रविवार मिळाले. यंदा सात.

मागच्या वर्षीच दिपिका वर्गात आली. बारा वर्षांची, कमी बोलणारी. तिचा बाबा शिवा मिठागरावर काम करायचा. त्या पावसाळ्यात तो काविळीने गेला. तिने शाडूचा एक हात करायला घेतला. मनगटापासून बोटांपर्यंत, खऱ्या मापाचा. अंगठा आत वळलेला.

"ह्यो कुणाचा गो?" सरूने विचारलं.

"बाबाचा. फोनमधी चेहरा हाय त्याचा. हात नाय."

तो हात चार रविवार चालला. माती ओली राहावी म्हणून दिपिका तो माझ्या तळाच्या पत्र्यावर ठेवी आणि वरून भिजलं गोणपाट घाली. दर दोन दिवसांनी शाळेतून येऊन ती गोणपाटावर पाणी शिंपडी. शेवटी हात पुरा झाला आणि तिने गोणपाट काढून तो माझ्यातच वाळायला ठेवला. पेणच्या मुलांच्या प्रदर्शनात तो मांडायचा, असं ठरलं होतं.

मित्रांनो, शाडूच्या कारखान्यात एक जुनी रीत आहे. वाळलेली, मोडलेली माती फेकायची नाही. पाण्याच्या कुंडीत घालायची. ती विरघळते आणि पुन्हा मूर्तीच्या कामी येते. काळुराम तिथला जुना कारागीर. शेड रिकामी करताना त्याने मला उघडलं. आत त्याला सुकलेली माती दिसली. करंगळी तडकलेली होती, म्हणून त्याला ती मोडक्या मूर्तीची माती वाटली. त्याने ती कुंडीत सोडली आणि मला नीट पुसून घेतलं. मी ओरडले असते, पण माझ्याकडे फक्त एक कडी आहे. ती थोडी वाजली.

दुसऱ्या दिवशी दिपिका आली.

"काळूकाका, यातला हात कुठं हाय?"

"कसला हात? मोडकं शाडू व्हतं, भिजत घातलं."

"माझ्या बाबाचा हात व्हता तो."

तिने कोपरापर्यंत दोन्ही हात कुंडीत घातले. बराच वेळ ती चाचपडत राहिली. वर आला तो फक्त चिखल. काळुराम बाजूला उभा होता. "पोरी, माती वाया घालवायची नाय, येवढंच शिकलो गो मी," तो म्हणाला. मग त्यालाच रडू आलं.

त्या कुंडीतल्या मातीच्या मूर्ती झाल्या. चतुर्थीला त्या घरोघरी बसल्या आणि पाण्यात गेल्या. कोणत्या मूर्तीत कोणतं बोट होतं, ते कुणालाच ठाऊक नाही.

आता काळुराम मला उघडण्याआधी माझ्यावर टकटक करतो. कोरडं गोणपाट त्यानेच तळाला अंथरलं. मित्रांनो, कुणाच्या हातची वस्तू हलवण्याआधी तुम्हीही विचारत जा. ती मोडकी दिसली, तरी विचारा. आणि मुलांना हातांनी काही करायला जागा मिळाली असेल, तर ती जपा. आमचे सात रविवारही पुढच्या वर्षी उरतील की नाही, मला माहीत नाही.

यंदा सातव्या रविवारी दिपिकाने एका बैठकीत हात पुन्हा केला. अंगठ्याशी ती तीनदा थांबली. डोळे मिटून बसली, मग पुढे गेली. संध्याकाळी तिने तो सरूसमोर धरला.

"सरूताय, असाच व्हता ना?"

"व्हय गो. असाच."

मुलं घरी गेली. ओला हात ठेवायला सरूने तळाचं गोणपाट उचललं आणि ती तशीच थांबली. ओल्या मातीचं आणि पत्र्याचं पटत नाही. गेल्या वर्षी जिथे पहिला हात होता, तिथे माझ्या पत्र्यावर त्याच आकाराचा गंज धरला आहे. मनगट, चार बोटं, आत वळलेला अंगठा.

तिने फूटपट्टी घेतली. शाडू वाळताना आकसतो, पण गंज ओल्या हाताचा होता आणि नवा हातही अजून ओलाच होता. तिने दोन्ही मापं मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत घेतली.

गंजातला हात साडेएकोणीस सेंटिमीटर. नवा हात सतरा.