डाव्या कोपऱ्यातली ओल

मी एक रोलर बोलतोय. टेनिसच्या मातीच्या कोर्टावरून ओढतात तो. बोईसरच्या एका कॉलनीत क्लब आहे, क्लबाच्या मागे एकच कोर्ट आहे आणि कोर्टाच्या कडेला जंगली बदामाचं झाड आहे. त्या झाडाखाली माझं बिऱ्हाड.

शाळा मी पाहिली नाही. मला येतात ते टेनिसचे आकडे, तेही ऐकून ऐकून. पंधरा, तीस, चाळीस. तीसनंतर पंचेचाळीस का नाही, हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि मलाही विचारता आलं नाही.

माझा जन्म इथलाच, एका वर्कशॉपमधला. उरलेल्या जाड पाइपाचा तुकडा घेतला, एक तोंड बंद केलं, पोटात सिमेंट आणि खडी भरली, मग दुसरं तोंडही बंद केलं आणि दांडा लावला. वेल्डर बिहारकडचा होता. घाम पुसत म्हणाला, "लो भैया, हाथी बन गया. इसको खाना मत देना, बस घुमाना."

हा भैया म्हणजे रामनाथ. शिरगावचा. घरची चिकूची वाडी भाऊ बघायचा, आणि हा क्लबात कोर्ट राखायच्या कामाला लागला होता. क्लबाच्या मागच्या खोलीत तो, बायको मंगला आणि मुलगी मेघाली राहायची. मला ओढायला एकटा माणूस पुरत नाही. दुसरा दांडा धरायचा गोमा. तो डोंगराकडच्या पाड्यावरचा. भात कापून झालं की कामाला यायचा आणि पावसाआधी परत शेतावर जायचा.

माझं काम दिसतं सोपं, पण ते घाईचं नव्हे. मातीवर पाणी मारलं की लगेच मला फिरवायचं नाही. थांबायचं. मग मूठभर माती घेऊन दाबायची. लाडू वळला आणि हाताला चिकटला नाही, तर वेळ झाली. चिकटली तर बिडी ओढायची आणि पुन्हा बघायचं. रामनाथ बिडी ओढत नसे. तो नुसता बसायचा, माझ्यावर.

मेघाली सात वर्षांची असताना कुठल्याशा बाईसाहेबांनी टाकलेली रॅकेट तिला मिळाली. तारा दोन ठिकाणी तुटलेल्या. ती खोलीच्या भिंतीवर चेंडू मारत बसायची. आतून मंगला ओरडायची, "अगो, भांडी पडतात मांडणीवरची!" पुढे शैलेश सरांनी तिला बघितलं. सर कारखान्यात नोकरीला होते आणि संध्याकाळी कॉलनीतल्या मुलांना शिकवायचे. म्हणाले, "रामनाथ, हिला भिंतीवरून कोर्टावर आण."

दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात, तशी माझीही व्हायची. झेंडूची माळ, हळद-कुंकू. ते काम मेघालीचं. माझ्या कपाळाचा पत्ता नाही, मी सगळीकडून गोल. ती दर वर्षी नव्या ठिकाणी कुंकू लावायची आणि म्हणायची, "या वर्षी तोंड इकडे."

मुलगी वाढली. जिल्ह्यात जिंकली, राज्यात जिंकली. एकोणीस वर्षांची असताना बाहेर देशी खेळायला जाऊ लागली. तिथले सामने छोटे, ते टीव्हीवर दिसत नाहीत. मोबाइलवर नुसते आकडे बदलतात. रामनाथ माझ्या दांड्यावर बसून ते आकडे बघायचा आणि मोठ्याने वाचायचा, गोमा समोर उकिडवा.

"तीस-चाळीस."

"कोणाचे चाळीस, दादा?"

"तिचे. त्या दुसरीचे."

"मग नको वाचू."

जगात तिचा नंबर आधी नऊशेच्या पलीकडे होता. मग सहाशे झाला, मग तीनशे एक्केचाळीस. आणखी शंभरेक वर गेली की मोठ्या चार स्पर्धांच्या दारात उभं राहता येतं, असं सर म्हणाले होते. आत नाही, दारात. रामनाथला तेवढं पुरे होतं. तो आकडा त्याने खडूने माझ्या अंगावर लिहिला आणि मी फिरलो तसा तो मातीत पुसला गेला.

आता सांगायचं ते सांगतो.

जानेवारी होता. क्लबाचा वर्धापनदिन. मेघाली चार दिवसांसाठी घरी आली होती. तिने सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर सगळ्यांसमोर एक सामना खेळावा, असं ठरलं. मांडव घातला, खुर्च्या आल्या. रामनाथच्या मनाने घेतलं की थंडीत माती कोरडी पडते, मागच्या रेघेपाशी धूळ उडते, ती पाहुण्यांच्या तोंडावर जाईल आणि पोरीचे पांढरे कपडे लाल होतील. शिरगावला ते खळं करायचे, तेव्हा शेणाने सारवून चोपायचे. दाणा पडला तरी मातीत रुतत नसे. तसंच करू म्हणाला. मंगलाने शिरगावहून पिंपभर शेण आणलं. दोघांनी मिळून दोन्हीकडच्या मागच्या पट्ट्या सारवल्या. लेकीच्या लग्नाचं अंगण सारवावं तशा.

सारवण झालं सामन्याच्या आदल्या दिवशी, चार वाजता.

गोमा म्हणाला, "दादा, आज नको रोलर. माझ्या आंगणाला सुकाया दोन ऊन लागतात. ह्याला एक पन नाय मिळालं. वर दव पडंल."

"उद्या लोक येणार, गोमा. धर."

"मूठ दाबून तरी बघ."

रामनाथने मूठ दाबली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याने दांडा धरला आणि मला त्या पट्ट्यांवरून तीनदा नेलं. मी काय करणार? मी जड आहे, मला तोंड नाही. माझ्याखाली ते कसं लागत होतं ते मला कळत होतं. वरून चकचकीत, आत ओल.

दुसऱ्या दिवशी कोर्ट बघून साहेब लोक म्हणाले, "वा रामनाथ, आरसा केलास." तो हसला. एवढा हसलेला मी त्याला बघितला नव्हता.

दुसऱ्या सेटमध्ये चेंडू डाव्या कोपऱ्यात आला. मेघाली धावली आणि मातीवर घसरत जाऊन मारतात तशी घसरली. शेणाचा पापुद्रा भाकरीसारखा सुटला. पाय त्याच्याबरोबर पुढे गेला आणि खालच्या ओल्या मातीत रुतला. अंग वळलं, पाय वळला नाही. उजवा गुडघा.

तिला गाडीत घालून नेलं. लोक खुर्च्या सोडून गेले. रामनाथने खुरप्याने तो पापुद्रा खरवडला, पाटीत भरला आणि झाडामागे टाकला. मग एकट्याने मला ओढलं. एकट्याला मी ओढवत नाही, तरी ओढलं. ज्या जागी तिचा पाय रुतला होता, ती जागा दाबून सारखी केली. कुणी बघायला आलं असतं तर काही दिसलं नसतं. ती खूण मीच पुसली. म्हणून हे मला सांगावं लागतंय.

मुंबईत ऑपरेशन झालं. वर्ष घरात गेलं. टेनिसमध्ये मिळालेले गुण एक वर्ष टिकतात, मग गळतात. मेघाली खोलीत पाय वर करून बसायची आणि तिकडे तिचा नंबर आठवड्याला खाली यायचा. चारशे, साडेसहाशे, मग यादीतच नाही. दुखापत झालेल्यांना जुन्या नंबरावर मोजक्या स्पर्धा खेळू देतात. तिलाही मिळाल्या. ती एकेक करून हरत गेली. सगळीकडे पहिल्याच फेरीत. शेवटी एकच उरली, आणि तीही मातीच्या कोर्टावरची.

तिच्या तयारीला ती बोईसरला आली. उजवीकडे पूर्वीसारखी मारायची. डाव्या कोपऱ्यात चेंडू आला की दोन पावलं आधीच थांबायची.

सर म्हणाले, "मेघाली, पाय का थांबतो? डॉक्टरांनी सांगितलंय ना, गुडघा पक्का आहे."

"गुडघा पक्का आहे, सर. पाय माझा कच्चा आहे. त्या दिवशी मीच उशिरा घसरले. मला आठवतं ना, चुकीचंच पडलं पाऊल. आता तिथे गेले की वाटतं पुन्हा चुकेल."

रामनाथ पाण्याची नळी धरून उभा होता. नळीचं पाणी एकाच जागी पडत राहिलं.

सर गेल्यावर गोमा जवळ आला. "दादा, मी अडाणी मानूस. पन ती पोर आपल्या पायाला चोर म्हनते हाय. चोर कोन, तुला ठावं हाय, मला ठावं हाय."

"ती माझं तोंड बघणार नाय, गोमा."

"नको बघू दे. पाय तर टाकंल. तू सांग, नायतर मी सांगन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघाली बूट बांधत होती. रामनाथ तिच्यापुढे खाली मातीत बसला.

"मेघू, तुझा पाय नाय चुकला."

"बाबा, नको परत समजूत."

"समजूत नाय. त्या कोपऱ्यात ओल होती. आमी सारवलं आणि सुकू दिलं नाय. गोमा नको म्हणत होता. मी मूठ पन नाय दाबली. तू बरोबर घसरलीस. जमीन घसरली."

ती बूट बांधायची थांबली. "आईला माहीत होतं?"

"शेण तिनेच आणलं. सुकलं नव्हतं, ते तिला ठाऊक नाय. तुझ्यामागे खरवडलं मी, ते पन नाय."

तिने दुसरा बूट हातात घेतला आणि उठली.

"बाबा, दीड वर्ष," ती म्हणाली. "दीड वर्ष मी माझ्या पायाला शिव्या घातल्या. तू रोज समोर होतास."

एक बूट पायात, एक हातात, अशी ती निघून गेली. शिरगावला काकाकडे. तीन दिवस तिचा फोन लागला नाही. त्या तीन दिवसांत रामनाथने कोर्टाला पाणी मारलं, माती दाबून बघितली, गोमाबरोबर मला फिरवलं. कुणी खेळायला नव्हतं. मंगलाला त्याने सगळं सांगितलं. तिने त्याचं ताट वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मेघाली आली. बापाशी बोलली नाही. गोमाला म्हणाली, "गोमाकाका, सरक," आणि त्याच्या जागी दांडा धरला. बाप एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला. डाव्या कोपऱ्याशी येऊन ती थांबली, खाली वाकली आणि मूठभर माती घेऊन दाबली. लाडू वळला. हाताला चिकटला नाही. तो तिने बापाच्या हातावर ठेवला.

"हे असं. एवढंच करायचं होतं."

"व्हय," रामनाथ म्हणाला.

"दोन ऊन लागली का नाय, ते माझ्या आंगणाला इचारा," गोमा लांबून म्हणाला. ती हसली. रडली की हसली ते मला नक्की सांगता येणार नाही, मी पाठमोरा होतो.

मग सर आले. त्यांनी डाव्या कोपऱ्यात चेंडू टाकला. पहिल्याला ती थांबली, दुसऱ्यालाही थांबली. तिसऱ्याला गेली. मातीवर हातभर लांब रेघ उमटली, सरळ, नांगराने पाडलेल्या तासासारखी. त्या दिवशी अशा रेघा मी मोजल्या नाहीत. संध्याकाळी मला फिरवायचं म्हणून रामनाथने दांडा धरला आणि सोडून दिला. म्हणाला, "आज असू दे तशाच."

त्या शेवटच्या स्पर्धेत तिने दोन फेऱ्या जिंकल्या. तिसरी हरली. रामनाथने आकडे वाचले, हरलेलेही वाचले. आता तिचा नंबर आठशेच्या आत-बाहेर असतो. पुन्हा खालून चढायचं. तीनशे एक्केचाळीस लांब आहे, आणि तिथे पोचेल की नाही हे मला ठाऊक नाही. वय चोवीस आहे. बापाशी बोलते, पण पहिल्यासारखं सगळं नाही. कधी कधी मध्येच गप्प होते आणि तो वाट बघतो. वाट बघणं त्याला येतं.

पावसाळ्यानंतर इथे माती काढून निळं कृत्रिम कोर्ट घालणार आहेत. त्याला पाणी लागत नाही, मीही लागत नाही. मला भंगारात घालायचं का, असं ऑफिसातून विचारलं, तेव्हा रामनाथ म्हणाला की शिरगावला खळ्यावर नेतो. गोमा म्हणाला, हत्ती उचलणार कोण? ते अजून ठरलेलं नाही.

मला मागायचं काही नाही. एवढंच सांगतो, कारण मी ते आयुष्यभर केलंय: तुमच्या हातून काही चुकलं तर ते माझ्यासारख्याच्या खाली दाबू नका. मी दाबलं की वरून सारखं दिसतं. ओल खाली तशीच राहते, आणि तिच्यावरून तुमचंच माणूस धावत येतं.

या दसऱ्याला मेघाली बाहेर देशी असेल. कुंकू रामनाथ लावील. तोंड कुठल्या बाजूला, ते तिला फोन करून विचारील.