एकटीची साक्ष

माझ्या नणंदेनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, हे लग्न होऊ शकत नाही. का, तर माझ्या मुलीला तिनं तान्हेपणी आपलं दूध पाजलंय. म्हणजे तिचा मुलगा आणि माझी मुलगी दूधभाऊ-दूधबहीण झाले, आणि आमच्यात दूधभावाशी निकाह सख्ख्या भावाइतकाच हराम. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं, साखरपुडा झाला होता. माझी मुलगी तर घरात गुणगुणत फिरायची.

मी कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. शर्ट उलटा केल्याशिवाय पुढे सोडत नाही. नवरा म्हणतो, ही जन्नतमध्येही आधी शिवण उलटी करून बघेल. बघेन. नणंदेचं बोलणं ऐकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण तिचं हे पहिलं कारण नव्हतं. आधी म्हणाली, मुलाला परदेशात नोकरी लागतेय, थांबू या. मग म्हणाली, मुलगी नर्स, तिला रात्रपाळ्या, संसार कसा व्हायचा. मग म्हणे, नात्यातली लग्नं नकोत असं डॉक्टर सांगतात. डोकं फुटायची वेळ आली तरी ही बाई डॉक्टरची पायरी चढत नाही. या सगळ्या पाचरी बसल्या नाहीत तेव्हा तिनं थेट शरीयत काढली. तिच्या नवऱ्याच्या साहेबांची मुलगी सून म्हणून तिच्या डोळ्यांसमोर आहे, हे मला केव्हाच कळलं होतं.

आणखी एक. आमच्यात दुसरीच्या बाळाला पाजलं तर बाई ते लपवत नाही. नवऱ्याला, सासूला, शेजारणीला, सगळ्यांच्या कानावर घालून ठेवते, कारण हीच पोरं पुढे एकमेकांशी लग्न करायला निघायची. नव्या बाळंतिणींना हे शिकवणारी आमच्या घरात हीच. मग स्वतः इतकी वर्षं मूग गिळून का बसली?

"आपा, पाजताना कुणी बघितलं?" मी विचारलं.

"कुणी नाही. घरात मी आणि दोन लेकरं."

"अगदी सोयीचं."

माझा नवरा खिडकीबाहेर बघत होता. एकीकडे बहीण, एकीकडे बायको, त्याचं आयुष्यभर तळ्यात-मळ्यात चालू आहे. "मुफ्तीसाहेबांना विचारून घेऊ," तो म्हणाला.

विचारायला मी गेले, एकटीच. दुसऱ्या कुणी प्रश्न नेला असता तर रस्त्यात त्याला काय काय चिकटलं असतं कोण जाणे. मुफ्तीसाहेबांची खोली टायरच्या दुकानाच्या वर. जिन्यात रबराचा वास, आत कपाटभर जाड पुस्तकं आणि सारखा वाजणारा फोन. डोळ्यांत औषध घातलं तर रोजा तुटतो का, असं कुणीतरी विचारत होतं. "नाही तुटत, घाला," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

"पाजलं असं सांगणारी ती एकटीच?"

"एकटीच."

"मग एकट्या बाईच्या शब्दावर हे सिद्ध होत नाही. दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष आणि दोन बायका, एवढी साक्ष लागते. निकाहला मनाई आहे असं मी म्हणणार नाही."

मी पर्स उचलली.

"बसा. हे झालं सिद्ध होण्याचं. पण तिचं बोलणं ज्यांना मनातून खरं वाटतं, त्यांनी हे लग्न करू नये. तुम्हाला ती खोटी वाटते?"

"शंभर टक्के."

"मला जेवढं सांगितलंत तेवढ्यावर मी उत्तर दिलं. न सांगितलेलं तुमच्याजवळ."

मला राग आला. मी काय लपवलं होतं? खाली उतरून नवऱ्याला फोन केला आणि सांगितलं, परवानगी मिळाली. पुढचं सांगायची मला गरज वाटली नाही.

संध्याकाळी नणंदेच्या घरी सगळे बसलो, दोन्ही पोरंही होती. मी निकाल सांगितला. नणंदेनं वाद घातला नाही, आणि त्यानं माझा संशय आणखी वाढला. माझ्या मुलीनं मात्र तिला विचारलं, "आत्या, तेव्हाच का नाही सांगितलंस?"

नणंद माझ्याकडे बघून बोलायला लागली. "तू ऑपरेशन होऊन दवाखान्यात पडली होतीस. ही बाटली तोंडात धरेना. रडून रडून आवाज बसला हिचा. माझा हा अंगावर पीत होता, मी हिलाही घेतलं. तू आलीस की सांगणार होते. तू आलीस, हात पसरलेस आणि ही तोंड फिरवून माझ्या छातीशी घुसली. तू भिंतीकडे वळून रडलीस. तुझं दूध आटलेलं. कोणत्या तोंडानं सांगू, हिनं माझं प्यायलंय म्हणून? आज सांगते, उद्या सांगते करत राहून गेलं."

"आणि ते परदेश, रात्रपाळ्या?" मी विचारलं.

"हे सांगायची वेळ येऊ नये म्हणून खोटं बोलले."

मी सवयीनं कुठे धागा सुटलाय ते शोधत होते. तेवढ्यात मुलगी माझ्याकडे वळली. "अम्मी, मला आठवायचं काही कारण नाही. तू दवाखान्यातून आलीस तेव्हाचं तू बघितलंयस. आत्या खोटं बोलतेय असं तू म्हण, मी निकाह करते."

हो म्हणायला मी तोंड उघडलं. आणि त्या दिवशीची ती खोली माझ्यासमोर उभी राहिली. नणंदेनं एक गोष्ट सांगितली नव्हती, कदाचित तिच्या लक्षातही नसेल. माझी मुलगी माझ्या हातात रडायला लागली तेव्हा नणंदेचा कुडता पुढून ओला झाला होता. तिचा मुलगा कोपऱ्यात गाढ झोपला होता. पान्हा फुटला तो माझ्या मुलीच्या रडण्यानं. मी ते बघितलं होतं आणि भिंतीकडे वळले होते.

गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? मुलीचा चेहरा बघून मला गप्प राहावंसं फार वाटलं.

"खरं बोलतेय ती," मी म्हणाले.

नणंद रडायला लागली. माझी मुलगी नणंदेच्या मुलासमोर नेहमी डोक्यावरून ओढणी घेऊन बसायची, आताही घेतली होती. भावासमोर ती घ्यावी लागत नाही. तिनं त्याच्याकडे बघितलं, सावकाश ओढणी डोक्यावरून काढली आणि मांडीवर ठेवून तिची घडी करायला लागली.